गरी बेटावर कॅमेरा घेऊन जाताय? आधी तिथी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनला लेकीकडे येताय आणि त्यातले चार दिवस तुम्ही, काकू, लेक आणि जावई मिळून गरी बेटावर जाणार आहात. हेच पूर्वीचं फ्रेझर आयलंड. कॅमेऱ्याबरोबर २४-१०५ आणि ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत, ट्रायपॉड हलका आहे. नवी वाइड लेन्स घ्यावी का आणि कुठल्या क्रमानं फिरावं, हे तुम्ही विचारलंत.

लेन्सचं मागाहून बोलू. तारखा अजून पक्क्या झालेल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला बरं वाटलं. या बेटावर चांगले फोटो मिळणार की नाही, हे लेन्सपेक्षा तुम्ही कुठल्या तिथीला तिथं असता यावर जास्त ठरतं. मी ब्रिस्बेनला राहतो आणि गेली बारा वर्षं जवळजवळ दरवर्षी तिथं जातो, त्या अनुभवावरून सांगतोय.

गरी हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट आहे. लांबी १२० किलोमीटरच्या वर, रुंदी मात्र कुठेही पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. बेटावर वाहतुकीचे डांबरी रस्ते नाहीत. आतल्या जंगलात वाळूच्या एकेरी वाटा आहेत आणि पूर्वेची लांबलचक पुळण हाच हमरस्ता. तिथं ताशी ८० ची वेगमर्यादा आहे, पोलीस असतात, छोटी विमानंही त्याच वाळूवर उतरतात. हा हमरस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पुळणीवर गाडी घालायची नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणजे तुमचा फिरायचा दिवस भरती-ओहोटी ठरवते. त्यातून जो वेळ उरतो त्यात पहाटेचा प्रकाश बसतोय का, एवढंच आपल्या हातात असतं.

पहिल्या खेपेला मी हेच चुकलो होतो. मोबाइलवर सूर्योदयाची वेळ पाहिली, अंधारात निघालो, मनासारखे फोटो काढले आणि परत फिरलो तेव्हा लाटा पुळणीच्या वरच्या झाडोऱ्याला टेकल्या होत्या. गाडी कशीबशी वरच्या भुसभुशीत वाळूत चढवली आणि तिथंच चार तास बसून राहिलो. सोबत पाच वर्षांचा मुलगा होता आणि पाण्याची एकच बाटली. तेव्हापासून भरतीचा तक्ता कागदावर छापून गाडीत डॅशबोर्डवर चिकटवतो. बेटाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे कागदच उपयोगी पडतो.

आता तिथीचं. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हे आकडे गरीला लागू पडत नाहीत. तिथं भरती त्या हिशेबाच्या साधारण तीनेक तास आधी येते. तत्त्व मात्र तेच आहे: भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते आणि ठरावीक तिथीला ठरावीक वेळी येते. वद्य षष्ठी ते नवमी या दिवसांत तिथं भरती साधारण मध्यरात्रीनंतर एक ते तीनच्या दरम्यान असते आणि ओहोटी सकाळी सात ते नऊच्या सुमारास. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेसहाला उगवतो. म्हणजे उजाडताना पाणी मागे जात असतं, पुळण रुंद आणि ओली असते आणि परतीचा रस्ता दुपारपर्यंत उघडा राहतो. वर त्या दिवसांत भांगाची भरती असते, उधाण नसतं, त्यामुळे पाणी फार वरपर्यंत चढत नाही.

याच तिथ्यांचा दुसरा फायदा रात्रीच्या आकाशाचा. वद्य सप्तमीला चंद्र मध्यरात्रीच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे सात ते अकरा आकाश काळंभोर मिळतं. बेट २५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. आकाशगंगेचा जो गाभा आपल्याकडे दक्षिणेला क्षितिजापासून फार तर चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येतो, तो गरीवर जवळजवळ डोक्यावर असतो आणि सप्टेंबरात तर संध्याकाळी सातलाच असतो. अनेक जण तारे टिपायचे म्हणून अमावास्या गाठतात. पण अमावास्येला उधाणाची भरती नेमकी सकाळी आठच्या आसपास येते, तारे मिळतात आणि पहाट हातची जाते. तुमच्याकडे चारच दिवस आहेत, तेव्हा वद्य पक्षातली सप्तमी-अष्टमी मध्ये येईल असे दिवस निवडा. मग तारखा पक्क्या करण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचा, बेटावरच्याच वॅडी पॉइंटचा भरतीचा तक्ता उघडून माझा हिशेब त्याच्याशी ताडून बघा. माझी आकडेमोड ढोबळ आहे, तक्त्यात मिनिटं असतात.

सप्टेंबर महिना तुम्ही उत्तम निवडलाय. पाऊस कमी, हवा कोरडी, माळावरची रानफुलं फुललेली असतात आणि हंपबॅक देवमासे पिल्लांना घेऊन शेजारच्या हर्वी बेमध्ये विसाव्याला थांबलेले असतात. फक्त महिन्याचा शेवट टाळा. तेव्हा इथल्या शाळांना सुट्टी लागते आणि बेट गाड्यांनी भरून जातं.

राहायचं कुठं, हा पुढचा मोठा निर्णय. बहुतेक जण पश्चिमेला किंगफिशर बे इथं राहतात, कारण मुख्य भूमीवरच्या रिव्हर हेड्सहून निघणारी बार्ज, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, पन्नासेक मिनिटांत तिथंच लागते. पहिल्या रात्रीसाठी ते ठीक आहे. कोकणातल्या डोळ्याला समुद्रात बुडणारा सूर्य सवयीचा असतो, तो इथं फक्त पश्चिमेच्या या बाजूला मिळतो आणि तिथली लाकडी जेट्टी त्यासाठी फार छान आहे. पण पुढच्या दोन रात्री पूर्व किनाऱ्यावर हॅपी व्हॅलीत काढा. भाड्याच्या गाड्यांच्या बऱ्याच करारांत अंधारात पुळणीवर गाडी चालवायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. ओहळांनी रातोरात वाळू कापून केलेले खड्डे दिव्यांच्या उजेडात दिसत नाहीत. हॅपी व्हॅलीहून माहेनो या पुळणीवर रुतलेल्या जुन्या बोटीचा सांगाडा दहाएक किलोमीटरवर आहे. झुंजुमुंजू होताना निघालात तरी सूर्य वर यायच्या आत पोचता. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या युरॉंगला राहिलात तर हेच अंतर तिप्पट होतं.

माहेनोबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. १९०५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली ही प्रवासी बोट. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडनं तिचं इस्पितळ केलं, गॅलिपोलीच्या जखमींना तिनं वाहून नेलं. जुलै १९३५ मध्ये तिला मोडीत काढायला जपानकडे ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ती या पुळणीवर येऊन रुतली. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकण्याचा सराव केला. आज वाळूच्या वर उरलाय तो गंजलेला सांगाडा, आणि त्यातला किती दिसतो तेही दर मोसमात वाळूच्या चढउतारावर अवलंबून असतं.

तिथं पोचल्यावर लगेच ट्रायपॉड रोवू नका. आधी सांगाड्याभोवती एक फेरी मारा. समुद्र पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य बोटीच्या मागून येणार. उगवायच्या आधीची वीस मिनिटं आकृतीसाठी: सगळा सांगाडा काळा आणि मागे केशरी आकाश. त्यासाठी तुमची २४-१०५ ही ३५ ते ५० च्या दरम्यान ठेवा. त्याहून वाइड लावली की बोट चिमुकली होते आणि कोऱ्या वाळूनं चौकट भरते. सूर्य हातभर वर आला की पाण्याच्या बाजूला जाऊन मागे वळा. आता प्रकाश थेट लोखंडावर पडतो आणि गंजाचे थर उलगडतात: कुठे विटकरी, कुठे हळदी, कुठे जांभळ्याकडे झुकणारा. खिळ्यांच्या ओळी आहेत, त्यांच्या भोकांतून मिठाच्या पांढऱ्या रेघा खाली ओघळलेल्या असतात. ७०-३०० नं एकेक फासळी वेगळी काढा. माझ्याकडचे माहेनोचे सगळ्यात चांगले फोटो असेच तुकड्यांचे आहेत. पूर्ण बोट सगळेच काढतात. सांगाड्यावर चढायचं नाही, आतही शिरायचं नाही. पत्रा सुरीसारखा धारदार झालाय आणि वरचं लोखंड केव्हाही सुटून पडतं.

परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद ठेवा आणि लाट मागे फिरली की बटण दाबा, येताना नाही. येणारी लाट फेसाचा गोळा देते, जाणारी लाट वाळूवर नक्षी सोडते. हलका ट्रायपॉड ओल्या वाळूत प्रत्येक लाटेबरोबर थोडाथोडा खचतो, म्हणून पहिल्यांदा पाय दाबून चांगले खोल रोवा. आणि पाय उघडताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा. म्हणजे सांधा वाळूच्या आणि पाण्याच्या वर राहतो. सांध्यात एकदा वाळू गेली की त्या दिवसापुरता ट्रायपॉड गेला असं समजा.

माहेनोवरून तसंच उत्तरेला थोडं पुढे गेलात की रंगीत वाळूचे कडे लागतात, त्यांना पिनॅकल्स म्हणतात. त्यांचं तोंड पूर्वेला असल्यामुळे सकाळी आठपर्यंत ते उजळलेले असतात, दुपारनंतर सगळं सावलीत जातं. येताना ईलाय क्रीकवर थांबा. या ओढ्यातून तासाला चाळीस लाख लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, तरी तळाची वाळू काचेखाली ठेवल्यासारखी दिसते. दहानंतर सहलींच्या बस येतात, त्याआधी लाकडी पुलावरून फोटो काढून घ्या.

आतल्या भागासाठी दुसरा दिवस ठेवा. किंगफिशरहून निघून सकाळी साडेआठला मॅकेंझी तळ्यावर पोचायचं. बुचुल्ला लोकांच्या, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचं नाव बुरांगूरा. हे तळं समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचीवर वाळूतच अधांतरी साठलंय, ओढा येऊन मिळत नाही, फक्त पावसाचं पाणी. काठची वाळू जवळजवळ शुद्ध सिलिका, इतकी पांढरी की कॅमेऱ्याचं मीटर तिला राखाडी समजून फोटो काळपट करतं. एक ते सव्वा स्टॉप जास्त एक्स्पोजर (म्हणजे दुपटीहून थोडा अधिक प्रकाश) द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकणार नाही एवढंच बघा. इथं कोवळ्या उन्हाचा नियम बाजूला ठेवायचा. पाण्याचा निळा रंग सूर्य वर चढल्यावरच तळापर्यंत उघडतो. साडेआठला जा, जागा हेरा, साडेनऊपर्यंत थांबा. काठाजवळ फिक्कं, मग पाचूसारखं आणि खोलीवर एकदम गडद, असे तीन पट्टे दिसले की काढा. बसची गर्दी त्यानंतर येते. अंगाला क्रीम फासून पाण्यात उतरू नका. या तळ्याला बाहेर जायला वाट नाही, गेलेलं सगळं आतच राहतं. खाण्याचा डबाही काठावर न्यायला मनाई आहे.

ऊन डोक्यावर आलं की वांगूल्बा ओढ्याकडे, सेंट्रल स्टेशनला जा. माझी ही बेटावरची सगळ्यात लाडकी जागा. हे पर्जन्यवन निव्वळ वाळूवर वाढलंय. इथल्या सॅटिने झाडांचं लाकूड खाऱ्या पाण्यातल्या किड्यांना दाद देत नाही म्हणून सुएझ कालव्याच्या कामासाठी नेलं होतं. वृक्षतोड १९९१ मध्ये थांबली, पुढच्याच वर्षी बेट जागतिक वारसा यादीत गेलं. ओढ्याचा आवाज येत नाही, कारण तळाशी दगडच नाहीत. पाणी इतकं नितळ की पहिल्यांदा काकूंना ओढा कोरडाच वाटेल. मग एखादं पान त्या कोरड्या वाटणाऱ्या तळावरून सरकत जातं आणि पाणी आहे हे कळतं. ते सरकणारं पान मी कितीदा टिपायचा प्रयत्न केलाय. एक सेकंदाचं शटर, पोलरायझर (लेन्सपुढे बसणारा, चमक कापणारा फिल्टर) फिरवून पाण्यावरची चमक घालवायची आणि काठच्या महाकाय नेच्यांचं हिरवं प्रतिबिंब थोडंसं राहू द्यायचं, पूर्ण घालवायचं नाही. त्या वेळी ढग आले तर नशीब समजा, जंगलात ऊन-सावलीचे ठिपके फोटो बिघडवतात.

आता लेन्सचं. नवी वाइड विकत घेऊ नका. पैसे घालायचेच तर तुमच्या २४-१०५ ला बसेल असा चांगला पोलरायझर घ्या, मॅकेंझी, वांगूल्बा आणि ईलाय तिन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. फक्त २४ वर वापरताना निळ्या आकाशात एका बाजूला काळा डाग पडतो, तिथं आकाश कमी ठेवा. ताऱ्यांसाठी १४ ते २० मधली एफ २.८ ची लेन्स ब्रिस्बेनमध्ये दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं घ्या. पंधरा-वीस सेकंद, आयएसओ ३२००, एवढ्यावर सुरुवात करून बघा. देवमाशांसाठी तुमची ७०-३०० पुरेशी आहे. बेटावर जायच्या आदल्या दिवशी हर्वी बेतून सकाळची बोट घ्या, तेव्हा पाणी शांत असतं. शटर १/१६०० च्या खाली आणू नका. बोट ठरलेल्या अंतरावर थांबते, पण कुतूहलानं मासाच जवळ येतो आणि मग ३०० मध्ये फक्त कातडी मावते. तेव्हा दुसरी लेन्स काकूंच्या हातात तयार ठेवा.

पुळणीवर लेन्स बदलायची नाही, गाडीच्या काचा वर करून आतच बदला. पुढच्या काचेवर खारे तुषार बसले की कोरडं कापड फिरवू नका, वाळूचा एक कण कायमची रेघ ओढतो. आधी फुग्यानं फुंका, मग गोड्या पाण्यानं ओलावलेल्या मऊ कापडानं टिपा.

डिंगोबद्दल मी काळजीनं लिहितोय, ते कृपया दोनदा वाचा. बुचुल्ला लोक त्यांना वोंगारी म्हणतात. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा, सडपातळ, पिंगट. पण तो रानटी शिकारी आहे. २००१ मध्ये याच बेटावर नऊ वर्षांच्या मुलाचा डिंगोंच्या हल्ल्यात जीव गेला. पक्षी-प्राणी टिपणाऱ्यांना डोळ्याच्या पातळीवर यायला गुडघ्यावर बसायची सवय असते, मलाही आहे. इथं ती अजिबात करायची नाही. खाली बसलेला माणूस त्याला लहान आणि दुबळा दिसतो. गाडीत बसून ७०-३०० नं काढा. उघड्यावर समोर आला तर ताठ उभं राहा, हात छातीशी घ्या, तोंड त्याच्याकडेच ठेवून शांतपणे मागे सरका, पळू नका. रात्री ताऱ्यांसाठी बाहेर पडाल तेव्हा एकटे जाऊ नका, एकानं कॅमेरा बघायचा आणि दुसऱ्यानं बॅटरी घेऊन आजूबाजूला. खायला घालणं गुन्हा आहे. २०२३ मध्ये डिंगोजवळ जाऊन सेल्फी काढणाऱ्या दोन पर्यटक बायकांना प्रत्येकी २,३०० डॉलर दंड झाला होता.

इंडियन हेडला ओहोटी साधत असेल तरच जा. या वाळूच्या बेटावर खडक फार थोडे, त्यातला हा एक. वरून पोलरायझर लावून खाली बघितलं की पाण्यात कासवं, वाघळी, कधीकधी शार्क फिरताना दिसतात. बुचुल्ला लोकांसाठी ही जागा पवित्र आहे आणि कड्याला कठडा नाही, तेव्हा फलकांवर लिहिलेलं पाळा. त्यापुढच्या शॅम्पेन पूल्सकडची (खडकांत साठलेल्या समुद्राच्या पाण्याच्या डोहांकडची) वाळू फार भुसभुशीत आहे. जावयांनी वाळूत गाडी चालवली नसेल तर ते या खेपेला सोडून द्या. एक दिवस तसाही मोकळा ठेवायला हवा, कारण चारपैकी एखादी पहाट ढगाळ निघतेच. नाहीच निघाली तर त्या दिवशी वॅबी तळ्याला चाला, पुळणीपासून अडीचेक किलोमीटर. सरकती वाळूची टेकडी हळूहळू तळं गिळत चालली आहे, ते तिथं उभं राहून दिसतं.

समुद्रात पोहायला उतरू नका, ओढ प्रचंड असते.

गाडी फोर व्हील ड्राइव्हच लागते आणि तिचा परवाना निघण्याआधी ऑनलाइन घ्यावा लागतो. बार्जमधून वाळूवर उतरण्याआधी चाकांतली हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा. गाडी रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, फावड्यानं चाकांपुढची वाळू उपसा, हवा आणखी थोडी कमी करा आणि आल्या खुणांवरूनच मागे घ्या. जावयांना याची धास्ती वाटत असेल तर मुक्कामाची मार्गदर्शित सहल घ्या. प्रकाशाच्या वेळा तुमच्या हातात राहणार नाहीत, पण वांगूल्बा, मॅकेंझी आणि रात्रीचं आकाश तरीही मिळेल.

विमानाचं तिकीट काढण्याआधी संभाव्य तारखा कळवा. वॅडी पॉइंटचा तक्ता माझ्याकडे आहे, कुठल्या सकाळी किती वाजता हॅपी व्हॅलीहून निघायचं आणि किती वाजेपर्यंत परतायचं ते मी लिहून देतो.